तीन थापा, मग दोन

आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावाला दोन झाकणं आहेत आणि वर्षभर त्यांची उघडझाप करणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला हे काम वाटतच नाही. "म्हणजे तुम्ही डब्याला झाकण लावता?" असं माझ्या व्याह्यांनी एकदा भर जेवणात विचारलं होतं. मी म्हटलं, हो, पण माझा डबा पंचवीस मीटर लांब आहे आणि त्यात माणूस बुडतो. त्यानंतर त्यांनी विषय बदलला.

उन्हाळ्यातलं झाकण म्हणजे बुडबुड्यांची हलकी निळी चादर. संध्याकाळी ती पाण्यावर पसरायची, म्हणजे पाण्याची ऊब उडून जात नाही. सकाळी पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी ती अख्खीच्या अख्खी रुळावर गुंडाळायची. पाण्यात औषधाची मोठी मात्रा टाकली, तर त्या दिवशी चादर घालायचीच नाही. पाण्यालाही श्वास घ्यावा लागतो. हिवाळ्यातलं झाकण वेगळं. जाड हिरव्या ताडपत्रीचं, चारी बाजूंनी पट्टे असलेलं. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला हुक. ते हुक काठाच्या फरशीत रुतवलेल्या पितळी खुंट्यांत अडकवायचे. एकूण बावन्न हुक. दर सोमवारी बावन्नही हाताने ओढून बघायचे, वर साचलेलं पाणी उपसायचं, पानं झाडायची. त्यावर चालायचं नाही, कितीही घट्ट वाटलं तरी.

माझ्या खोलीबाहेर फळ्यावर एकच वाक्य लिहिलेलं आहे: ‘अर्धं झाकलेलं पाणी उघड्या पाण्यापेक्षा वाईट.’ उघड्या पाण्यात पडलेला माणूस दिसतो. झाकणाच्या सुट्या कडेवरून आत घसरलेला दिसत नाही, आणि त्याला वर यायला वाट नसते. खालून ढकललं तर ताडपत्री उचलली जात नाही, बाजूला सरकत नाही आणि आत अंधार असतो. म्हणून झाकण पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. मधलं काही नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवलंय, की वसाहतीतली पोरं मला झाकणआजोबा म्हणतात.

या कामाआधी मी वीस वर्षं ताडपत्र्या शिवल्या. ट्रकच्या, मांडवाच्या, बोटींच्या. त्यामुळे कापड आणि शिवण यांत मला कोणी शेंडी लावू शकत नाही. आवाजांच्या बाबतीतही माझा असाच समज होता.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मी आणि चार माणसांनी मिळून झाकण चढवलं. चढवण्याआधी माझी एक सवय आहे. काठावर उभं राहून मोठ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" आणि वीस आकडे मोजायचे. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, कोणी नाही हे डोळ्यांना दिसत असतं, तरी विचारायचं. पोहायला शिकवणाऱ्या बाई हसतात. पण आता बाईही माझ्याबरोबर आकडे मोजतात.

झाकण चढल्यावर बाराव्या दिवशी मी पानं झाडत होतो. ऊन होतं, वारा नव्हता. झाकणाच्या खालून आवाज आला.

थप, थप, थप. मग थोडं थांबून, थप, थप.

खोल बाजूला, डाव्या काठापासून दोन हात आत. ओल्या कापडावर तळहात आपटावा तसा आवाज. जोर फार नव्हता. मी झाडू टेकवून उभा राहिलो. पुन्हा तोच आवाज, त्याच जागी. ताडपत्री मात्र तसूभरही हलली नाही.

मला वाटलं, नळातली हवा असेल. दुसऱ्या दिवशी तसाच आवाज आला तेव्हा पंपवाल्याला बोलावलं. हा माणूस हुशार आहे, पण स्वतःच्या विनोदांवर स्वतःच आधी हसतो.

"काका, थापा मारताय," तो म्हणाला आणि हसला. मग त्याने पंप बंद केला, झडपा बंद केल्या, आणि आम्ही दोघं काठावर उकिडवे बसलो. घड्याळात सव्वा अकरा झाले.

तीन थापा. मग दोन.

त्याचं हसू मावळलं. "पाणी थंडीने आकसतं," तो म्हणाला. "कापडही आकसतं."

"तीनदा आकसतं, थांबतं आणि दोनदा आकसतं?"

"काका, मी पंपाचं बघतो," असं म्हणून त्याने आपली पिशवी उचलली.

मी कानावर पडेल ते मनाला लावून घेणारा माणूस नाही. पण पाण्यात कोणी असू शकतं ही शंका आली, की झाकण पूर्ण काढून बघायचं, हा नियम माझाच आहे. चार माणसांना परत बोलावून आम्ही बावन्न हुक काढले आणि झाकण गुंडाळलं. पाणी काठापासून वीतभर खाली होतं, जसं हिवाळ्यात आम्ही ठेवतो. तळाची एकेक फरशी मोजता येत होती. एक पिवळं पान आणि एक बेडूक. पान काढलं. बेडकाला जाळीने उचलून कुंपणापलीकडे सोडलं. पुन्हा झाकण चढवून मी घरी गेलो. पाठ चार दिवस दुखत होती.

पाचव्या दिवशी सव्वा अकराला तीन थापा, मग दोन.

मी वहीत लिहू लागलो. तारीख, वेळ, जागा. जागा तीच, वेळ तीच. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा. पाऊस असो, ऊन असो. खडूने त्या जागी फुली मारली, ती धुऊन गेली. मग पांढऱ्या रंगाने मारली. महिन्याभरात मला त्याची सवय झाली. सवय वाईट असते, ती भल्याभल्यांच्या कानात बोळे घालते.

आता माझ्या नातीबद्दल सांगायला हवं. वय वर्षं सहा. तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि ती एका जागी बसलेली मी फक्त झोपेत पाहिली आहे. माझी लेक एकटीनेच तिला वाढवते आणि दिवसभर कामावर असते. भिंगरीची शाळा दुपारची, म्हणून सकाळी ती माझ्याबरोबर तलावावर. काठापासून लांब एक बाक आहे, ती तिची जागा. मी डोळ्यांत तेल घालून बघत असतो. निदान मला तसं वाटायचं. माझी बायको गेल्यापासून घरात जे काही हसणं-बोलणं उरलंय ते या पोरीमुळे, हे मी कोणाला सांगत नाही, पण खरं आहे.

भर थंडीत एका रविवारी भिंगरी घरच्या न्हाणीघरात अडकली. कडी आतून घट्ट बसली. ती रडून ओरडून इतकी दमली, की शेवटी तिचा आवाजच निघेना. मी बाहेरून पेचकसाने दाराच्या बिजागऱ्या काढल्या. बाहेर आल्यावर तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "हे बघ, कुठे अडकलीस तर ओरडायचं नाही. ओरडून दम जातो. ठोकायचं. तीनदा, मग थांबायचं, मग दोनदा. म्हणजे मला कळेल तूच आहेस."

तिने माझ्या छातीवर ठोकून दाखवलं. तीन, मग दोन. आम्ही दोघं हसलो.

त्याच आठवड्यात मी ती चीर पाडली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. वहीत पंचविसाव्यांदा ‘काही आढळले नाही’ लिहिताना हात थांबला. काहीही नसेल तर नसेल, पण कोणी हाक मारतंय आणि मध्ये फक्त कापड आहे, हे शिवणकाम करणाऱ्या माणसाला सहन होत नाही. पांढऱ्या फुलीवर दीड वीत लांबीची चीर पाडली, कडा दुमडून दुहेरी शिवल्या, आणि वरून झडप लावली. झडपेला चिकटपट्टी, एका झटक्यात उघडेल अशी. झडपेचा दोर काठावरच्या खुंटीला बांधला. पोटावर आडवं होऊन हात घालून पाहिला. गार पाणी. बाकी काही नाही.

बाई भडकल्या. "काका, धडधाकट झाकण कापलंत? कशासाठी?"

"बघायला."

"काय बघायला?"

मी दोराची गाठ ओढून घट्ट केली. पंपवाल्याने वसाहतभर सांगितलं, की झाकणआजोबांनी झाकणाला खिसा शिवलाय. लोक खिशात काय ठेवणार विचारायचे. मी ऐकून घेतलं. चिरीची मजबुती मात्र दर सोमवारी हुकांबरोबर तपासत राहिलो.

थंडी सरली. झाकण उतरवायचा दिवस ठरला. चार माणसं साडेअकराला येणार होती. मी अकरालाच खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यापासून हुक काढायला लागलो, तेवढंच काम पुढे सरकेल म्हणून. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना ज्याच्यासाठी रागावत आलो, तेच करत होतो. पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. सात हुक निघाले. कोपऱ्याची कड सैल होऊन पाण्याकडे लोंबली.

तेवढ्यात फाटकाशी औषधाच्या पिंपांची गाडी आली आणि ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. मी भिंगरीला म्हटलं, "बाकावरून उठायचं नाही." ती म्हणाली, "नाही." मी हुक काढायची आकडी काठावरच ठेवून फाटकाकडे गेलो. मोजून चाळीस पावलं.

ड्रायव्हर घाईत होता. पिंपं उतरवली, मी एकेक झाकण तपासलं आणि कागदावर सही करायला पेन उघडलं.

थप, थप, थप. थप, थप.

"काय वाजतंय?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "रोजचंच आहे."

आणि मी सही केली. माझं पूर्ण नाव, तारखेसकट. 

पुन्हा थापा आल्या. या वेळी शेवटची थाप अर्धीच होती.

मी वळून पाहिलं. बाक रिकामा होता. बाकाखाली एक लाल चप्पल होती. दुसरी सैल कोपऱ्याशी होती.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी धावलो. माझं वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. सैल कड उचलून खाली पाहिलं. काळोख. हाक मारली. उत्तर नाही. आत शिरलो असतो तर कुठे शोधणार होतो? पंचवीस मीटर अंधारात?

पण जागा मला माहीत होती.

साडेतीन महिने माहीत होती.

पांढरी फुली. डावा काठ, दोन हात आत. मी पोटावर पडलो, दोर ओढला. झडप उघडली. हात खांद्यापर्यंत आत घातला.

गार पाणी.

मग बोटं. इवलीशी बोटं, माझ्या मनगटाला येऊन लागली.

मी धरलं. चिरीच्या कडा दुहेरी शिवलेल्या होत्या, त्या फाटल्या नाहीत. आधी तिचा हात बाहेर आला, मग डोकं, मग ती सगळी, निळी-पांढरी, डोळे उघडे. तिने एकदा मोठ्याने खोकून पाणी काढलं आणि त्यानंतर जे भोकाड पसरलं, त्याहून गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. मी तिला छातीशी धरून रडत होतो. बाई धावत आल्या, कपडे बदलण्याच्या खोलीतून टॉवेल आणले, आम्हा दोघांनाही गुंडाळलं. ड्रायव्हरनेच डॉक्टरकडे गाडी नेली.

डॉक्टर म्हणाल्या, पोर ठणठणीत आहे. आजोबांचं ब्लडप्रेशर बघू.

दुपारी अंथरुणात बसून गरम दूध पिता पिता भिंगरीने हकिगत सांगितली. सैल कोपऱ्यातून एक बेडूक झाकणाखाली शिरताना तिला दिसला. मी बेडकांना नेहमी बाहेर काढतो, म्हणून तीही काढायला गेली. कड पायाखालून घसरली.

"आत काळोख होता," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय ना, घाबरलं की उताणं व्हायचं आणि आकाश बघायचं. मी उताणी झाले. पण आकाश नव्हतं. नाकाएवढीच जागा होती. मग मी ठोकलं."

माझी लेक तिचे केस पुसत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हुक मी काढले, पाठ मी फिरवली. तिने केस पुसून संपवले. मग म्हणाली, "बाबा, मी तुमच्यावर रागावणार आहे. पण आज नाही." आणि माझा हात हातात घेतला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे तीन आणि दोन ठोकायचं हिला कोणी शिकवलं?"

"मी. न्हाणीघरात अडकली होती तेव्हा."

"आणि तुम्हाला कसं सुचलं?"

मी उठून पिशवीतली वही काढली. पहिली नोंद हिवाळ्याच्या तोंडाची, न्हाणीघराच्या दोन महिने आधीची. माझ्याच अक्षरात: ‘सव्वा अकरा. खोल बाजू, डावा काठ. तीन थापा, मग दोन.’ लहान हाताच्या असाव्यात, असंही खाली लिहिलं होतं. ते लिहिलेलं मी विसरलो होतो.

ती खूण मी भिंगरीला शिकवली. मला ती झाकणाखालून ऐकू आली होती. झाकणाखाली ती कोणी वाजवली, याच्यापुढे माझा विचार जात नाही. जाऊही देत नाही.

त्या दिवसापासून आवाज थांबला. वसाहतीने मला कामावर ठेवलं. मी स्वतःहून लेखी दिलं होतं, की ठेवू नका. बाईंनी तो कागद फाडला आणि फळ्यावरच्या वाक्याखाली आपल्या हाताने दुसरं लिहिलं: ‘पहिला हुक निघाल्यापासून शेवटचा निघेपर्यंत काठ सोडायचा नाही. गाडी थांबेल.’ आता काठावर दोन माणसं असल्याशिवाय एकही हुक निघत नाही. पंपवाला खिशाच्या विनोदावर परत कधी हसला नाही. उलट उन्हाळी चादरीच्या रुळाला त्याने एक घंटा बसवून दिली, चादर अर्धी राहिली की वाजणारी. फुकट.

भिंगरी उन्हाळाभर पोहली. पहिले आठ दिवस काठ धरून रडली, नवव्या दिवशी काठ सोडला, आणि सुट्टी संपेपर्यंत तलावाच्या दोन फेऱ्या मारू लागली. बाई म्हणतात, पोरीच्या हातात जोर आहे. ते मला माहीत आहे.

मग पानं गळायला लागली. आम्ही काठावर उभे राहून विचारलं, "आत कोणी आहे का?" वीस आकडे मोजले. या वेळी भिंगरीनेही मोजले, सर्वांत मोठ्याने. झाकण चढवलं.

काल सकाळी स्वच्छ ऊन होतं. मी हुक ओढून बघत उथळ बाजूने निघालो आणि तलावाच्या मध्यापर्यंत पोचलो. दहाला पाच मिनिटं कमी होती.

थप, थप, थप.

मी थांबलो. मोजलं.

थप, थप.

उजवा काठ, चार हात आत. पण हा हात लहान नव्हता. थाप जड होती, दमदार होती, आणि प्रत्येक थापेबरोबर बारीकसा टक् आवाज होता. धातूचा.

मी बाकावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने बाकाच्या फळीवर उजवा तळहात आपटून पाहिला. थप, आणि त्याबरोबर टक्. माझ्या अंगठीचा. बायकोने घातलेली, आता सांधा सुजल्यामुळे निघत नाही.

घाबरलो का? घाबरलो. खोटं कशाला बोलू. पण हाक आधी येते, म्हणजे हाताशी वेळ आहे, आणि वेळ असेल तर शिवता येतं. जागा वहीत लिहिली. पांढरी फुली मारली. चार हात आतपर्यंत पोचेल असा लांब दांडा आणि फळी उजव्या काठावर आणून ठेवली. जुन्या झडपेचा दोर कसा ओढायचा ते बाईंना दाखवलं, पंपवाल्याला दाखवलं, लेकीला दाखवलं. कोणी एक शब्द विचारला नाही. भिंगरीला दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "आजोबा, मला माहितीये," आणि एका झटक्यात दोर ओढून दाखवला.

आज सकाळी चीर आखली. टेपचं दुसरं टोक भिंगरीने धरलं. मागची चीर दीड वीत लांबीची होती. ही माझ्या खांद्यांच्या मापाने घेतली, आणि दोन बोटं जास्त ठेवली.